साबण-निर्मितीच्या दोन पद्धती : एक ऐतिहासिक विवेचन



गेल्या वर्षी ज्ञातिमंडळाच्या स्नेहसंमेलनात महिला शाखेने जी विक्रीची दालने मांडली होती, त्यांपैकी एका दालनात आपल्याच कुळांतील तीन सुनांनी घरी केलेला साबण ठेवला होता. वड्या सुबक होत्या, कागदी वेष्टन नीटस होते, आणि वेष्टनावर 'थंड पद्धतीने बनविलेला' अशी अक्षरे होती. खरेदीस आलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी विचारले, "थंड म्हणजे काय? साबण तर कढईत उकळून करतात." त्यावर त्या मुलींनी हसून उत्तर दिले की, ही जुनी, आजीबाईंच्या काळातील पद्धत आहे. दोन्ही पक्षांचे बोलणे ऐकून आम्ही तेथे उभे राहिलो, आणि चिटणीसांनी स्मरणिकेसाठी लेख मागितला तेव्हा विषय शोधावा लागला नाही. गृहस्थांचे म्हणणे अपुरे होते आणि मुलींचे म्हणणे उलटे होते. थंड पद्धत जुनी नाही. दोहोंत तीच धाकटी आहे.

आम्ही मॅट्रिक होऊन प्राथमिक शाळेत शिक्षकी पत्करलेले; रसायनशास्त्राचे पंडित नव्हे. तथापि आपली ज्ञाती पिढ्यान्‌पिढ्या घाण्यावर जगली आहे. तेल जेथे आहे तेथे साबण फार दूर नसतो. आणि साबणाच्या या दोन पद्धतींशी आमच्या घराचा जो संबंध आला, तो सांगण्याचे आमच्याकडे कारण आहे. ते योग्य ठिकाणी येईल.

प्रथम मूळ गोष्ट. तेल किंवा चरबी आणि तीव्र क्षार यांचा संयोग झाला म्हणजे साबण होतो, आणि त्याबरोबर ग्लिसरीन नावाचा गोड, चिकट द्रव सुटा होतो. हे तत्त्व दोन्ही पद्धतींना समान आहे. फरक एवढाच की, उकळी पद्धतीत हा संयोग विस्तवाच्या किंवा वाफेच्या जोरावर घडवून आणतात, आणि शेवटी मिठाचे पाणी घालून साबण वर तरंगवतात व खालचे पाणी काढून टाकतात. थंड पद्धतीत तेल व कॉस्टिकचे द्रावण मोजून एकत्र घोटतात, दाटले की साच्यात ओततात, आणि पुढचे काम संयोगातून निर्माण होणाऱ्या उष्णतेवर सोडून देतात. काढून टाकणे काहीच नाही. जे घातले ते सगळे वडीत राहते. ही शेवटची ओळ वाचकांनी ध्यानात ठेवावी.

साबणाचा आरंभ रोममधील अमुक टेकडीवर झाला ही जी कथा पुस्तकांतून छापली जाते, तिला आधार नाही. प्लिनी या रोमन ग्रंथकाराने मात्र गॉल लोक चरबी आणि राख यांपासून केसांना तांबूस रंग आणणारा असा पदार्थ करीत, असे लिहून ठेवले आहे. खरा कारागिरीचा साबण भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावर, जेथे ऑलिव्हचे तेल आणि खारट वनस्पतींची राख दोन्ही मुबलक, तेथे वाढला. सीरियातील अलेप्पो आणि पॅलेस्टाइनमधील नाब्लुस ही त्याची दोन माहेरघरे. नाब्लुसमध्ये ऑलिव्हचे तेल व क्षार मोठ्या हंड्यात दिवसेंदिवस शिजवीत, तो रस वरच्या मजल्यावर फरशीवर पसरीत, थंड झाला की रेघा आखून वड्या कापीत आणि त्यांचे पोकळ मनोरे रचून महिनोन्‌महिने वाळवीत. अलेप्पोत त्यातच लॉरेलचे तेल घालीत, आणि हे काम हिवाळ्यातच करीत. या दोन्ही गावांची साबणविद्या युनेस्कोने डिसेंबर २०२४ मध्ये मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली आहे.

अरबी 'साबून' आणि आपला 'साबण' हे एकाच कुळातील शब्द आहेत, हे सांगावयास भाषापंडित नको. आपल्याकडे रिठा, शिकेकाई, डाळीचे पीठ यांनी अंग व केस निघत, आणि परिटाच्या भट्टीस खारी माती व राख पुरे. परंतु साबण मुळीच नव्हता असे नाही. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर आपणांपैकी बहुतेकांनी पाहिले असेल. त्याच्या पाण्यातील सोडा-क्षार काढून विकण्याचा धंदा पुष्कळ काळ चालला. क्षाराच्या प्रतीप्रमाणे दल्ला, पापडी, भुस्की अशी त्याला नावेही होती. अकबराच्या वेळच्या 'आईन-इ-अकबरी'त या परिसरात साबण आणि काच करण्यास लागणारी द्रव्ये मिळतात अशी नोंद आहे. आमचे गाव लोणारपासून दोन मुक्कामांच्या आत. लहानपणी आम्ही त्या काठावर पांढरी पापुद्री खरवडून जिभेस लावली आहे. ती कशाच्या कामाची असते हे फार उशिरा कळले.

आता मुद्दा असा की, या सर्व ठिकाणी साबण उकळूनच का होई? कोणी थंड पद्धत का शोधून काढली नाही? कारण राखेपासून किंवा खारापासून चुन्याच्या साहाय्याने काढलेला क्षार पातळ आणि अशुद्ध असे. अशा पाण्याने थंड तेलावर काही परिणाम होत नाही. त्याला तासन्‌तास विस्तव हवा, पुनःपुन्हा नवे पाणी हवे, आणि शेवटी घाण व जास्तीचा क्षार काढून टाकण्यासाठी मीठ हवे. क्षार किती तीव्र आहे हे कारागिरास ठाऊक नसे. ठाऊक असण्याची गरजही नसे. कमी पडला तर आणखी घालावा, जास्त झाला तर मिठाच्या पाण्याबरोबर खाली उतरून जाई. उकळी पद्धत ही अज्ञानाला सांभाळून घेणारी पद्धत आहे, असे आम्ही म्हणतो, आणि यात तिची निंदा नाही.

फ्रान्समधील मार्सेय बंदरात ही पद्धत पूर्णत्वास गेली. चौदाव्या लुईच्या १६८८ सालच्या फर्मानाने तेथील साबणात ऑलिव्ह तेलाशिवाय दुसरी चरबी घालण्यास बंदी झाली, आणि उन्हाळ्याचे तीन महिने कारखाने बंद ठेवण्याचा हुकूम झाला. कारण उष्म्याने माल बिघडे. हे फर्मान कोल्बेर या प्रसिद्ध मंत्र्याच्या नावावर सांगण्याची चाल आहे, पण थोरला कोल्बेर १६८३ मध्येच वारला होता! इतिहासात नावे अशीच चिकटतात. मार्सेयच्या वडीवर ७२ टक्के तेलाचा जो शिक्का पुढे मारू लागले, तो आजही त्या साबणाची खूण आहे.

क्षाराची अडचण दूर केली ती निकोला लेब्लां या फ्रेंच वैद्याने. साध्या मिठापासून सोडा करण्याची कृती त्याने शोधली आणि १७९१ मध्ये तिचा हक्क मिळविला. राज्यक्रांतीच्या धामधुमीत त्याचा कारखाना सरकारजमा झाला. पुढे तो परत मिळाला तरी हाती भांडवल नव्हते, आणि १८०६ मध्ये त्याने आत्महत्या केली. ज्याच्या विद्येवर पुढे इंग्लंड-फ्रान्सच्या गिरण्या आणि साबणाचे कारखाने शंभर वर्षे चालले, त्याच्या घरी असा अंधार. त्यानंतर १८६१ मध्ये बेल्जमच्या सॉल्व्हेने अधिक स्वस्त कृती काढली. दरम्यान शेव्हरल या शास्त्रज्ञाने १८२३ च्या आपल्या ग्रंथात तेल-चरबी म्हणजे नेमके काय आणि साबण होताना काय घडते याचा उलगडा केला. हे गृहस्थ १०२ वर्षे जगले. आता प्रत्येक तेलास किती क्षार लागतो हे वजनाने सांगता येऊ लागले, आणि शुद्ध, घट्ट कॉस्टिक डब्यात बंद होऊन बाजारात येऊ लागले. त्यातच खोबरेल तेल जहाजांतून युरोपात पोचू लागले. हे तेल कडक कॉस्टिकशी विस्तवाविना चटकन मिळते आणि भरपूर पाणी धरून ठेवते. या तीन गोष्टी जमल्या तेव्हा, म्हणजे १९ व्या शतकात, थंड पद्धत खऱ्या अर्थाने जन्मास आली. तेव्हा आजीबाईंचा येथे संबंध नाही. थंड पद्धत ही तराजूची आणि कोष्टकाची लेक आहे.

इंग्लंडात साबणावर जबर कर असे. करवसुलीचे अधिकारी रात्री कढयांच्या झाकणांस कुलपे लावून जात, म्हणजे चोरून साबण होऊ नये. हा कर १८५३ मध्ये ग्लॅडस्टनने उठविला, आणि मग मोठे कारखाने उभे राहिले. लीव्हर बंधूंचा सनलाइट साबण १८८४ मध्ये निघाला आणि १८८८ मध्ये तो हिंदुस्थानच्या बंदरात उतरलाही.

मोठ्या कारखानदारांनी थंड पद्धत स्वीकारली नाही. याचे कारण ग्लिसरीन. तेलाच्या वजनाचा साधारण दहावा हिस्सा ग्लिसरीन निघते. पूर्वी ते मिठाच्या पाण्याबरोबर गटारात जाई. परंतु १८६७ मध्ये आल्फ्रेड नोबेलने डायनामाइटचा हक्क घेतला, आणि ते ज्यापासून होते त्या नायट्रोग्लिसरीनसाठी ग्लिसरीनला सोन्याचे मोल आले. पहिल्या महायुद्धात तोफांच्या कॉर्डाइट दारूसाठी ते इतके हवे झाले की, साबणाचे कारखाने जणू युद्धखात्याचीच शाखा बनले. उकळी पद्धतीत ग्लिसरीन खालच्या पाण्यातून काढून विकता येते. थंड पद्धतीत ते वडीतच राहते आणि धुणाऱ्या बाईच्या हातांस मऊपणा देऊन मोरीतून वाहून जाते. एकीत कारखानदाराचा नफा, दुसरीत धुणारणीचा. पण कढया, वाफ, ग्लिसरीनची यंत्रे यांस लाखांचे भांडवल लागे. थंड पद्धतीस एक पिंप, एक घोटणी आणि लाकडी साचे पुरत. म्हणून मोठ्यांची पद्धत उकळी आणि गरिबांची पद्धत थंड, अशी वाटणी होऊन गेली.

आपल्या देशात मेरठला १८९७ मध्ये नॉर्थ-वेस्ट सोप कंपनी निघाली. स्वदेशीच्या चळवळीने पुष्कळ लहान कारखान्यांस उत्तेजन मिळाले, आणि त्यांतील बऱ्याच जणांनी थंड पद्धतच धरली. दुसरे परवडणारे नव्हते. मद्रास सरकारने कालिकत येथे १९१४ मध्ये साबणाची संस्था काढली, बंगळुरास म्हैसूर सरकारचा चंदनी साबण निघाला, १९१७ मध्ये टाटा ऑइल मिल्स स्थापन झाली, आणि मुंबईत अर्देशीर गोदरेज यांनी १९१८ च्या सुमारास चरबीविरहित, केवळ वनस्पती-तेलांचा साबण बाजारात आणला. चरबीच्या शंकेने साबण घरात न घेणारी सोवळी घरे आपल्या वडीलधाऱ्यांच्या काळात थोडी नव्हती. त्यांस या साबणाने मोकळे केले.

आता आमच्या घराची गोष्ट. गावात ऑइल मिल झाली आणि आमचा घाणा बसला. बैल विकला, लाट अंगणात आडवी पडली. आमचे थोरले काका स्वस्थ बसणारे नव्हते. ते एका प्रशिक्षणवर्गास जाऊन आले आणि १९६६ च्या सुमारास मोहाच्या बियांच्या व करंजाच्या तेलाचा कपडे धुण्याचा साबण करू लागले. लोखंडी मोठी कढई, पऱ्हाट्यांचा जाळ, आणि काकांच्या हाती लांब दांड्याचा लाकडी उलथणा. क्षार पुरेसा झाला की नाही हे ते जिभेच्या टोकावर किंचित साबण ठेवून पाहात. चुरचुरले तर जास्त. आणखी तेल किंवा आणखी मीठ. कोष्टक नाही, तराजू अंदाजाचा, पण साबण नावाजलेला. परीट आणि शेतकरी, दोघेही आठवड्याच्या बाजारी आधी काकांच्या पथारीवर येत.

१९७२ च्या दुष्काळाने हे गणित मोडले. विहीर आटली. पिकाविना पऱ्हाट्या नाहीत, आणि उकळी पद्धतीस तर जाळ व पाणी दोन्ही लागते. काकांनी कोठूनशी थंड पद्धतीची एक पुस्तिका आणली. तीत जाळाचे काम नाही आणि पाणी थोडेच. काकांची अक्षरओळख बेताची. आम्ही तेव्हा १३ वर्षांचे, शाळेत गणितात पहिले. काका म्हणाले, "बाळ, चाळीस किलो तेलाला किती कॉस्टिक, ते काढून दे." आम्ही पुस्तिका उघडली. कोष्टकाच्या पहिल्याच ओळीत शेकडा १८ असा आकडा होता. आम्ही त्रैराशिक मांडले आणि मोठ्या ऐटीने सांगितले, "सात किलो दोनशे ग्रॅम."

त्रैराशिक बरोबर होते. ओळ चुकली होती. ती पहिली ओळ खोबरेलाची. मोहाच्या तेलास शंभरास साधारण पावणेचौदाच लागते, म्हणजे चाळीस किलोस साडेपाच किलोच्या आसपास. सुमारे पावणेदोन किलो कॉस्टिक जास्त पडले. कढईत हे झाले असते तर मिठाच्या पाण्याबरोबर उतरून गेले असते. साच्यातून ते कोठे जाणार? काकांनी नेहमीप्रमाणे जीभ लावली, चुरचुरले, पण पुस्तिकेत 'महिनाभर ठेवल्याने साबण सौम्य होतो' असे लिहिले होते, त्यावर त्यांनी विश्वास ठेवला. ठेवल्याने सौम्य होतो हे खरे. पण त्याचा अर्थ राहिलेला संयोग पुरा होतो व पाणी उडते इतकाच. ज्या कॉस्टिकला मिळावयास तेलच उरले नाही, ते महिन्याने काय आणि वर्षाने काय, फारसे हटत नाही.

साबण विकला गेला. पंधरा दिवसांत एक परटीण हात पदरात गुंडाळून दारी आली. बोटांची कातडी सोलून निघाली होती. काकूने तिला खोबरेल लावून दिले आणि पायलीभर ज्वारी दिली. ते वर्ष कोणते होते हे लक्षात घेता ती ज्वारी थोडी नव्हे. काकांनी गावोगाव फिरून उरलेला साबण परत आणला, कोठून तरी पाणी व काटक्या पैदा केल्या, तो सगळा माल पुन्हा कढईत वितळवून त्यात तेल वाढविले आणि मीठ घालून उकळला. साबण उत्तम निघाला. गिऱ्हाईक मात्र पूर्वीसारखे परतले नाही. काका म्हणत, थंड पद्धतच खोटी, आपल्याला फळली नाही. आम्ही पुढे अध्यापन विद्यालयात असताना एका ग्रंथालयात तसलेच कोष्टक पाहिले, आणि चूक कोणाची ती कळली. काका तेव्हा हयात होते. आम्ही त्यांस सांगितले नाही. सुटीत घरी जाण्याचे तीन-चार प्रसंग आले आणि गेले. १९८१ मध्ये त्यांनी धंदा बंद केला. तोवर धुण्याची पिवळी पावडर खेड्यांतून पोचली होती, त्यामुळे दोष सगळा आमच्या त्रैराशिकाकडे नाही, हे आम्ही स्वतःस सांगत आलो आहोत. पण १९७३ ते १९८१ ही आठ वर्षे तिच्या खात्यावर घालता येत नाहीत.

आता प्रदर्शनातील मुलींकडे वळतो. मोठ्या कारखान्यांनी कढईची जुनी रीतही बहुतांशी सोडली आहे. ते तेल आधी फोडून ग्लिसरीन वेगळे करतात आणि उरलेल्या आम्लांत क्षार मिसळतात. दिवसांचे काम तासांत होते. घरगुती कारागिरांत मात्र दोन्ही पद्धती पुन्हा आल्या आहेत, व त्यांचे गुणदोष पूर्वीच्याहून थोडे निराळे आहेत. आजचा घरगुती 'गरम' साबण मिठाने फोडीत नाहीत. पातेल्यात मंद आचेवर दोन-चार तास शिजवून साच्यात घालतात. त्यात ग्लिसरीन राहते, संयोग डोळ्यांदेखत पुरा होतो, सुगंध शेवटी घालता येत असल्याने उडत नाही, आणि वडी थोड्याच दिवसांत वापरता येते. दिसावयास ती खडबडीत असते. थंड साबण गुळगुळीत, हवे तसे रंग-आकार घेणारा, पण त्यास चार ते सहा आठवडे धीर लागतो. मिठाने न फोडलेल्या या गरम साबणातही जास्तीचे कॉस्टिक निघून जाण्यास वाट नसते, हे विसरून चालणार नाही. वजन चुकले तर दोन्ही सारखेच जाळतात; कढई मात्र चूक लगेच दाखविते, साचा ती महिनाभर झाकून ठेवतो.

आम्ही त्या मुलींच्या घरी जाऊन त्यांची रीत पाहिली. त्या प्रत्येक तेलाचा आकडा वेगळा घेतात, त्यातून शेकडा पाच कॉस्टिक मुद्दाम कमी करतात, म्हणजे थोडे तेल मोकळे राहून कातडीस आधार होतो. कॉस्टिक पाण्यात घालतात, पाणी कॉस्टिकवर कधीच ओतीत नाहीत. ॲल्युमिनियमचे भांडे घरात असले तरी या खोलीत आणीत नाहीत, कारण कॉस्टिक त्यास खाऊन टाकते. हातमोजे व चष्मा आहेत. जिभेऐवजी त्या फिनॉल्फ्थॅलिनचा एक थेंब टाकतात. वडी गर्द गुलाबी झाली तर माल बाजूस काढतात. आमच्या देखत एक वडी अशी गुलाबी झाली. धाकट्या सुनेने ती सगळी खेप वेगळी ठेवली आणि वही आणून आकडे पुन्हा तपासले. खोबरेल, एरंडेल आणि करंज अशी तीन तेले होती. तिने वही आमच्यापुढे केली आणि म्हणाली, "मास्तरकाका, तुम्ही एकदा पाहता का?"

आम्ही चष्मा पुसला आणि प्रत्येक आकड्यापुढील तेलाचे नाव मोठ्याने वाचून घेतले. करंजाच्या पुढे खोबरेलाचा आकडा पडला होता. मग त्या तिघींस आम्ही काकांची कढई, ते कोष्टक आणि ती परटीण यांविषयी सांगितले. एवढे सविस्तर आम्ही ते प्रथमच कोणास सांगितले. ती खेप त्यांनी त्याच संध्याकाळी पाण्यात वितळवून, मीठ घालून फोडली.